हात जिथं जातो, चित्र तिथं हवं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्री-मशिनशॉपमधून (धातूचं ओतकाम आणि कातकाम करणाऱ्या कारखान्यातून) आलेला प्रश्न असा: कामगार साठेक. काही आसपासच्या गावांतले मराठी, काही कन्नड, काही बिहार-ओडिशाकडून आलेले, हिंदीवर भागवणारे. दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, नवी पोस्टरं लागतात. तरी बोट चेंगरणं, डोळ्यात कण जाणं, पाय भाजणं चालूच आहे. तर काय लावावं, कुठं, केवढं आणि कोणत्या भाषेत?

सुरुवात अपघाताच्या वहीपासून करा. गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या जखमा, नुसत्या मलमपट्टीवर भागलेल्यासुद्धा, ज्या त्या मशिनच्या नावासमोर मांडा. मग त्या मशिनपाशी कामगार जिथं उभा राहतो तिथं स्वतः उभे राहा आणि बघा, इथून कोणती पाटी दिसते? बहुतेक ठिकाणी पाट्या गेटवर, ऑफिसच्या जिन्यात आणि कँटीनमध्ये दाटलेल्या असतात. बोटं जातात ती ड्रिलिंग मशिनवर. सकाळी गेटवर वाचलेलं वाक्य दुपारी तीन वाजता हात पुढं करताना आठवत नाही, आणि यात कामगाराचा दोष नाही. पाटीचं काम एवढंच: हात जायच्या आधीच्या क्षणी, नजर जिथं असते तिथं दिसणं.

त्याआधी एक अट. जिथं गार्ड, कव्हर किंवा इंटरलॉक (झाकण उघडलं की मशिन बंद करणारी सोय) बसू शकतो तिथं आधी तो बसवा. उघड्या बेल्ट-पुलीशेजारी ‘सावधान’ रंगवलं की मालकाला काम झाल्यासारखं वाटतं आणि जाळी कायमची राहून जाते. अशी पाटी नसलेली बरी. गार्ड बसवूनही जो धोका उरतो, त्याच्यासाठी पाटी.

चिन्हांसाठी आपल्याकडे आयएस ९४५७ हे मानक आहे आणि आंतरराष्ट्रीय चिन्हांचा संच आयएसओ ७०१० मध्ये आहे. लाल वर्तुळ आणि त्यावर तिरकी रेघ म्हणजे मनाई. निळं भरीव वर्तुळ म्हणजे हे केलंच पाहिजे. काळ्या किनारीचा पिवळा त्रिकोण म्हणजे धोका. हिरवा चौकोन म्हणजे बाहेर पडायची वाट किंवा प्रथमोपचार, लाल चौकोन म्हणजे आग विझवायचं साधन. रंगाइतकाच आकार महत्त्वाचा, कारण धुळीनं रंग मळतो, आणि काहींना लाल-हिरवा वेगळा ओळखताच येत नाही. शेडमध्ये जुने पिवळ्या उजेडाचे सोडियम दिवे असतील तर तांबडा रंग तपकिरी दिसतो. तिथं पाटी बदलण्याआधी दिवा बदला. पेंटर हौसेनं निळा त्रिकोण किंवा हिरवं वर्तुळ काढतो, ते ठामपणे परत पाठवा. चिन्हाची शिस्त एकदा मोडली की बाकीच्या पाट्यांचाही अर्थ सैल होतो.

आकारमानाचा हिशेब सोपा आहे. पाटी जितक्या मीटरवरून कळायला हवी त्या अंतराचा वर्ग करा आणि २००० ने भागा. चिन्हाचं किमान क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येतं. १० मीटरसाठी ०.०५ चौरस मीटर. म्हणजे चौकोनाची बाजू २३ सेंटिमीटर, वर्तुळाचा व्यास २६, पण त्रिकोणाची बाजू ३४-३५ सेंटिमीटर. इथंच चूक होते: प्रिंटर सगळी चिन्हं एकाच मापात काढतो आणि धोक्याचा त्रिकोण सर्वांत लहान पडतो. ए-४ कागदाच्या अर्ध्या भागात चिन्ह आणि अर्ध्यात मजकूर असेल, तर साडेसहा मीटरच्या पलीकडं ते चिन्ह निरुपयोगी. फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करायची जागा) आणि नॉकआउटजवळ (साचा फोडून ओतीव भाग काढायच्या जागी) धूळ असते, तिथं हिशेबापेक्षा दीडपट घ्या. मजकुराच्या अक्षराची उंची मीटरमागं किमान ५ मिलिमीटर धरा, आणि देवनागरीत ती शिरोरेघेपासून खाली मोजा, मात्रा सोडून. कन्नडमध्ये जोडाक्षराचा भाग खाली लोंबतो, म्हणून दोन ओळींत जागा जास्त सोडा. नाहीतर डीटीपीवाला ओळी दाबतो आणि लांबून सगळा गठ्ठा दिसतो.

आता भाषा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १०८ नं सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायची अट घातली. पण बहुसंख्य ही किमान पायरी झाली. ड्रिलवर उभा असलेला माणूस अल्पसंख्य असला तरी बोट त्याचंच आहे. गेटवरच्या नावाच्या पाटीला कर्नाटकचा ६० टक्के कन्नडचा २०२४ चा कायदा लागू आहे, तो तिथं पाळा. मशिनजवळ मात्र मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही सारख्या मापात, आणि प्रत्येकी तीन-चार शब्दांपलीकडं नको. ओडिया माणसाची लिपीच वेगळी. त्याला देवनागरी येतच असेल असं धरू नका. त्याच्यासाठी भार चित्रानंच उचलायचा आहे.

मराठी आणि हिंदीची लिपी एक म्हणून एकच पाटी दोघांना चालेल, हा समज घातक आहे. ‘सावकाश’ हिंदीवाल्याला हळू म्हणून कळत नाही. हिंदी पाटीवरचं ‘यातायात’ मराठी माणसाला रहदारी वाटत नाही, त्रास वाटतो. ‘निषेध’ हिंदीत मनाई, मराठीत मोर्चा. उलट ‘अपाय’ हा शब्द आपल्या भागात कामाचा: कन्नडमध्ये तो सरळ धोका, मराठीत इजा, दोन्हीकडं सावध करतो. आणि वाक्य शेडमध्ये बोलतात तसंच हवं. ‘यंत्र चालू असताना हस्तक्षेप करू नये’ कोणी बोलत नाही. ‘चालू मशिनीत हात घालू नको’ सगळे बोलतात. आज्ञा एकच, क्रियापद एकच.

छापायच्या आधी चित्र तपासा, याला खर्च शून्य आहे. कागदावर प्रिंट काढा, मजकूर झाका, आणि तिन्ही भाषांचे मिळून दहा-बारा जण एकेकटे बोलवा. त्यात नवे हेल्पर आणि वाचता न येणारे हवेतच. दोनच प्रश्न: हे काय सांगतंय? हे बघून तू काय करशील? समजावून सांगू नका, मान डोलवू नका, उत्तर जसंच्या तसं लिहा. अमेरिकी मानकाची कसोटी अशी आहे की ८५ टक्के लोकांनी बरोबर सांगावं आणि उलटा अर्थ घेणारे ५ टक्क्यांवर नसावेत. छोट्या कारखान्यात नियम आणखी कडक करा: एकानंही उलटा अर्थ सांगितला की चित्र बाद. सर्वांत जास्त घोटाळा फुलीचा होतो. चुकीची कृती मोठी, ठळक काढून कोपऱ्यात छोटी फुली मारली, तर बघणारा ती कृतीच शिकतो. फुली हात आणि धोक्याचा बिंदू जिथं भेटतात त्यावरून जावी, पण ती जागा झाकू नये. तीन-चार चित्रांची मालिका असेल तर वर १, २, ३ आणि बाण घाला. वाचायची सवय नसलेला माणूस डावीकडून उजवीकडं बघेलच असं नाही.

चित्र तुमच्या मशिनचं हवं. नेटवरून उतरवलेलं चकचकीत सीएनसी आणि पांढरे हातमोजे बघून जुन्या बेल्टच्या लेथवरचा माणूस म्हणतो, हे आपलं नव्हे. कामगाराच्या डोळ्यांच्या उंचीवरून मोबाईलनं फोटो काढा, म्हणजे त्याला दिसतो तसाच कोन येईल. मग त्यावरून रेघांचं चित्र काढून घ्या: हात, हत्यार, धोक्याची जागा एवढंच ठेवा, मागची अडगळ पुसा, आणि रंग फक्त धोक्याच्या जागेला द्या.

आता जागा. मशिनशॉपमध्ये पहिली दुरुस्ती हातमोज्यांची. गेटवर ‘हातमोजे घाला’चं निळं वर्तुळ असतं, माणूस ते प्रामाणिकपणे पाळतो आणि मोजे घालूनच ड्रिलवर जातो. फिरत्या ड्रिलला मोज्याचा दोरा गुंडाळला की मोजा हाताला आत ओढतो. उघडा हात निदान सुटायची शक्यता असते. म्हणून गेटवरचं चिन्ह काढा. कास्टिंग उचलायच्या जागी निळं ‘मोजे घाला’, आणि ड्रिल-लेथच्या हेडवर, चकपासून (काम किंवा ड्रिल पकडणाऱ्या फिरत्या भागापासून) हातभर अंतरात, लाल ‘मोजे नको’. चक-की, म्हणजे चक आवळायची किल्ली, चकमध्ये राहून मशिन चालू होते, त्याला उपाय पाटीपेक्षा जागेचा: हेडस्टॉकवर कीच्या आकाराची लाल छाया रंगवा आणि तिथंच हुक ठोका. छाया मोकळी दिसली की किल्ली चकमध्ये आहे, हे शेजारच्यालाही कळतं.

फर्नेसवर आपल्या भागातला खरा शत्रू पावसाळा. जूनपासून सह्याद्रीकडून येणारा पाऊस उघड्यावरच्या स्क्रॅपवर पडतो. ओलं किंवा गंजात पाणी धरलेलं स्क्रॅप वितळलेल्या धातूखाली गेलं की पाण्याची वाफ होते, तिचं आकारमान सुमारे १६०० पटींहून जास्त वाढतं आणि धातू वर उसळतो. बंद तोंडाची पाईप, शॉक अॅब्सॉर्बर, झाकणाचे डबे हे तर भर उन्हाळ्यातही फुटतात. पाटी चार्जिंगच्या, म्हणजे भट्टीत स्क्रॅप टाकायच्या जागी, टाकणाऱ्याच्या समोर हवी, आणि तिच्यावर याच वस्तूंची चित्रं: ओलं स्क्रॅप, बंद पाईप, शॉक अॅब्सॉर्बर, तिन्हींवर लाल फुली, शेजारी कापून उघडी केलेली पाईप, हिरव्या चौकटीत. तिच्या खाली नमुन्यादाखल खऱ्या कापलेल्या पाईपचा तुकडा टांगला तर सर्वांत उत्तम. लाडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) कोरडा तापवून घेतल्याचं चित्र लाडल-स्टँडवर. ओतकामवाल्यांसाठी एकच आरसा, माणसाच्या उंचीचा, आणि त्याच्या बाजूला त्याच मापाचं चित्र: फेसशील्ड, एप्रन, पँट बुटाच्या बाहेर, अंगात टेरिकॉट-नायलॉन नको. पँट बुटात खोचली की ठिणगी आत उतरते आणि बूट काढेपर्यंत पाय भाजतो. हा एक तपशील दहा घोषणांपेक्षा मोलाचा. लाडलची वाट जमिनीवर रंगवून टिकत नाही, वाळूखाली जाते. दोन्ही कडांना लोखंडी अँगल बसवा किंवा वरच्या बीमवर लाल पट्टा द्या.

सँड मिक्सर ही सर्वांत गंभीर जागा, कारण साफ करायला माणूस आत उतरतो आणि बाहेरच्याला तो दिसत नाही. इथं झाकणाला इंटरलॉक आणि मेन स्विचला कुलूप हवंच. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, एकच किल्ली, ती त्याच्याच खिशात. कुलपाच्या टॅगवर त्याचा फोटो आणि तळाशी ‘मी आत आहे’. फोटोला भाषा लागत नाही. स्विचपाशी आलेला माणूस सोबत्याचा चेहरा बघतो. टॅग एकटा लावून कुलूप टाळू नका, टॅग कोणीही काढून ठेवतो.

फेटलिंगमध्ये चित्रानं चार गोष्टी सांगाव्यात. डिस्कवर छापलेला आरपीएम (मिनिटाचे फेरे) ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा कमी नको. डिस्कच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीचा महिना-साल असतं, ते बघ. पावसाळ्यात ओल खाल्लेली डिस्क वापरू नको. आणि फेसशील्डच्या आत गॉगल, कारण शील्डच्या खालून आणि बाजूनं कण शिरतोच. गार्ड काढून चार इंची ग्राइंडरला पाच इंची डिस्क लावायची सवय दिसली, तर पाटीच्या आधी स्टोअरमधल्या डिस्का बदला. पेडेस्टल ग्राइंडरला टूलरेस्टचं (काम टेकवायच्या आधाराचं) दगडापासून अंतर ३ मिलिमीटरच्या आत. तेवढ्या जाडीची पट्टी साखळीनं मशिनलाच बांधा, फटीत ती सहज शिरली की रेस्ट पुढं घ्यायचं.

क्रेनवर उचलायचा भार टनांत, खालून वाचता येईल एवढ्या अक्षरात. हातवाऱ्यांचा तक्ता क्रेनच्या बटणांजवळ. इशारा एकानंच द्यायचा, पण ‘थांब’ कोणीही दिला तरी क्रेन थांबली पाहिजे. हे तक्त्यावर वेगळ्या लाल चौकटीत हवं.

धुळीबद्दल थोडं सविस्तर, कारण ती दिसत नाही म्हणूनच माणसं तिला भीत नाहीत. वाळूतल्या सिलिकाचा जो कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो तो काही मायक्रॉनचा असतो. डोळ्याला दिसणारी धूळ त्याहून जाड. या धुळीनं सिलिकोसिस हा आजार झालेलं फुप्फुस पूर्ववत होत नाही. सिलिकोसिसच्या फोटोपेक्षा परिणामकारक चित्र तुम्ही शेडमध्येच दाखवू शकता. रात्रपाळीला फेटलिंगचे दिवे पाच मिनिटं बंद करा. ग्राइंडर एकानं चालवावा, मास्क लावून, स्वतःपुरत्या टेबल-लॅम्पच्या उजेडात. धुळीच्या पलीकडून जाड झोताची टॉर्च लावा, टॉर्च आणि बघणाऱ्यांचे डोळे यांच्या मध्ये पुठ्ठा धरा म्हणजे थेट उजेड डोळ्यावर येणार नाही, आणि बाकीच्यांनी झोताच्या दिशेनं, किंचित बाजूनं बघावं. स्वच्छ वाटणाऱ्या हवेत धुळीचा लोट दिसतो, आणि तो शेजारच्या माणसाच्या नाकाशी कसा जातो तेही दिसतं. मोबाईलवर चित्रीकरण करून त्यातलं एक चित्र त्याच जागी लावा. एक्झॉस्ट चालू आणि बंद असताना अशी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली तर आणखी काही लिहावं लागत नाही. तिथंच मनाईचं एक चिन्ह: कॉम्प्रेसरच्या हवेनं अंग आणि फरशी झाडू नको. मास्कच्या चित्रात दाढी वाढलेला चेहरा आणि कडेनं आत येणारे बाण दाखवा. रुमाल बांधलेला चेहरा फुलीखाली दाखवा.

तंबाखूचा मुद्दा निपाणी-चिकोडी पट्ट्यात टाळून चालणार नाही. मळताना तळहाताची धूळ, आणि पितळ-ब्राँझच्या फौंड्रीत शिसंही, तंबाखूबरोबर तोंडात जातं. हात धुवायच्या नळावर एवढंच चित्र लावा: काळा तळहात, त्यावर चिमूट, बाण तोंडाकडं, शेजारी साबण. सोडायची इच्छा असणाऱ्यासाठी त्याच पाटीवर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत नंबर. मनावर ताण आलेल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ नंबर मात्र सगळ्यांसमोर नको, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथं कोणी बघत नसताना माणूस नंबर उतरवून घेतो. कोअरशॉपमध्ये (साच्यातले वाळूचे गाभे बनवायच्या विभागात) बायका काम करतात. लैंगिक छळाच्या तक्रार समितीची सूचनाही त्यांच्या वावराच्या जागेत हवी, ऑफिसात नव्हे. फोन नंबर मोबाईलच्या बटणांवरच्या आकड्यांतच लिहा.

मुतारीत लघवीच्या रंगाचा तक्ता लावा: फिकट पिवळा ठीक, गडद पिवळा म्हणजे पाणी कमी, तपकिरी म्हणजे लगेच सांग. फर्नेसवाल्यांना दर वीस मिनिटांनी एक पेला हे प्रमाण चित्रात दाखवा, आणि पाण्याची जागा फर्नेसपासून दूर असेल तर पाटीऐवजी आधी जार जवळ आणा.

प्रथमोपचाराची चित्रं पेटीच्या झाकणावर हवीत. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई यांवर फुली. बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका, पेशी मरतात. डोळ्यात रसायन गेलं तर १५ मिनिटं पाणी. आणि इलेक्ट्रिक पॅनेलजवळचा शॉकचा तक्ता आजच बघा. पुष्कळ ठिकाणी अजून जुना तक्ता आहे, त्यात माणसाला पालथा पाडून पाठ दाबताना दाखवलंय. तो काढून टाका. नव्यात क्रम असा: आधी मेन बंद, मग ११२ ला फोन, श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर ५-६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, शिकलेला माणूस असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास.

सामानाबद्दल. लॅमिनेट केलेला कागद आपल्याकडं एका पावसाळ्यात कडेनं सुटतो. मशिनशॉपमध्ये ३ मिलिमीटर एसीपी (अॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या) शीटवर व्हिनाइल आणि मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट परावर्तित होते आणि मजकूर जातो. फर्नेसजवळ सनबोर्ड (फोमची पाटी) उष्णतेनं वाकतो, तिथं लोखंडी पत्रा आणि इनॅमल पेंट. बाहेर पडायच्या वाटेवर अंधारात उजळणारी पट्टी लावा, पण तिच्यावर दिवसभर दिव्याचा उजेड पडला पाहिजे, नाहीतर लाइट गेल्यावर ती उजळत नाही. फायर एक्स्टिंग्विशरची पाटी दोन मीटरच्या वर, कारण खाली कास्टिंगचे ढीग लागतातच.

प्रत्येक पाटीला मागं नंबर द्या आणि तिच्या मशिनचा ऑपरेटर तिचा धनी. शनिवारी मशिन पुसतो तेव्हा तोच पाटी पुसेल, आणि ती खोटी झाली, म्हणजे मशिन हललं, गार्ड बदलला, तर तोच सांगेल. एका जागी एकावेळी दोनपेक्षा जास्त चिन्हं नकोत. तिसरं लावायचं असेल तर कोणतं काढायचं ते आधी ठरवा. पहिल्या महिन्यात वहीतल्या सर्वांत वाईट तीन मशिनीच घ्या, आणि मे संपायच्या आत चार्जिंगची पाटी आणि स्क्रॅपवरचं छप्पर दोन्ही लागलेलं असू द्या.